रस्त्यांचं जाळं आणि आपली तब्येत: आराखड्यात नक्की काय मोजलं जातं?

पदपथिक (धागाकर्ती)

आईला दवाखान्यात घेऊन निघाले होते. वाटेत एक मोठा चौक लागतो. आई ७६ वर्षांची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. काठी नको म्हणते, माझा दंड धरून चालते. हिरवा माणूस लागला, आम्ही रस्त्यावर उतरलो, आणि तिसऱ्या लेनमध्ये असतानाच तो लुकलुकून लाल झाला. शेजारच्या गाडीने हॉर्न दिला नाही, नुसतं इंजिन रेझ केलं. आईने माझा दंड असा काही आवळला की संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांचे वळ होते.

मी रस्त्यांच्या आराखड्यांचं काम करते. एकोणीस वर्षं झाली. त्या चौकासारख्या कितीतरी सिग्नलांचं गणित मी स्वतः मांडून दिलंय. गणित सोपं असतं: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, पुष्कळ देशांत वर्षानुवर्षं तोच धरत आलेत. रस्ता १४ मीटर, वेळ १२ सेकंद, झालं काम. पण इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल प्रत्यक्ष मोजली तेव्हा सरासरी पुरुषांची ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ०.८ च्या वेगाने चालणारी बाई बाराव्या सेकंदाला ९.६ मीटरवर पोचलेली असते, म्हणजे तिसऱ्या लेनमध्ये. आई तिच्या वयाच्या कुठल्याही बाईसारखीच चालत होती. माझ्या गणितात मात्र ती बाई कधी आलीच नाही.

सेकंद वाढवता येतात, वाढवायलाच हवेत. पण घरी आल्यावर डोक्यात वेगळाच प्रश्न घोळत राहिला. घर आणि दवाखाना यांच्या मधून चार लेनचा रस्ता जावा, हे कोणी आणि कधी ठरवलं? सिग्नलचे सेकंद हा अगदी शेवटचा हिशेब. त्याच्या वीस-तीस वर्षं आधी कोणीतरी नकाशावर रेघ मारलेली असते. ती मारताना टेबलावर वाहनांची गणना असते, भूसंपादनाचा खर्च असतो, पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा असतो. फुप्फुसं, झोप, गुडघे, लहान मुलं यांचा कागद त्या टेबलावर मी क्वचितच पाहिलाय.

माझं म्हणणं असं: रस्त्यामुळे माणसं किती आजारी पडणार हे बहुतांशी जाळं आखतानाच ठरून जातं. नंतरचे गतिरोधक, फलक, जनजागृती सप्ताह ही मलमपट्टी. जाळं आखताना पहिला प्रश्न हाच असायला हवा की हा रस्ता पुढे जाण्यासाठी आहे की राहण्यासाठी? डच लोकांनी १९९० च्या दशकात 'शाश्वत सुरक्षितता' म्हणून जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच आहे. रस्ते तीनच प्रकारचे: लांबच्या रहदारीचे, ती वाटून देणारे आणि घरापर्यंत पोचवणारे. एका रस्त्याला एकच काम. जिथे दुकानं, शाळा, घरांची दारं आणि ७० च्या वेगाने जाणारे ट्रक एकाच पट्ट्यात कोंबलेले असतात, तिथे माणसं मरतात, आणि मग आपण चालकाला किंवा पादचाऱ्याला दोष देत बसतो.

इथे डॉक्टर आहेत, रस्त्यावर काम करणारे आहेत, रस्त्याकडेला राहणारे तर सगळेच. तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतं तर जरूर लिहा.

सांजवात

वाचतेय. तुमच्या आईंचा प्रसंग वाचून पोटात तुटलं.

एक बाळबोध प्रश्न. रस्ता आणि आरोग्य म्हटलं की मला अपघातच आठवतात. तुम्ही झोप नि गुडघे म्हणताय, ते कसं?

पदपथिक

सांजवात, प्रश्न बाळबोध नाही. आमच्या बैठकांतही आरोग्य म्हटलं की अपघातांची आकडेवारीच काढतात.

अपघात लहान गोष्ट नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर गेली, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. पण अपघात दिसतो. पंचनामा होतो, बातमी येते. रस्त्यालगतच्या घरात वीस वर्षं राहून ज्याचा रक्तदाब वाढला, त्याचा पंचनामा कोण करणार? धूर आणि धूळ, रात्रीचा आवाज, चालणं बंद पडणं, रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीकडे जाणं तुटणं, हे सगळं त्याच रेघेतून येतं.

नाडी

मी फॅमिली डॉक्टर आहे. चालण्याबद्दल लिहितो, कारण रोज तेच सांगतो आणि रोज तेच फसतं.

१९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून. एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या. बस तीच, रस्ता तोच, धूरही साधारण तोच. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांत ड्रायव्हरांच्या मानाने बरंच कमी होतं. कंडक्टर ते 'व्यायाम' म्हणून करत नव्हते. ते काम करत होते, आणि कामाच्या रचनेतच हालचाल होती.

रस्त्यांचं जाळं म्हणजे माझ्या मते आख्ख्या गावाच्या कामाची रचना. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी ते चिठ्ठीवर लिहून देतो. माझे एक पेशंट, वय ५८, साखर वाढलेली. बाजार त्यांच्या घरापासून सरळ रेषेत पाचशे मीटरवर. पण मध्ये वस्तीचे रस्ते बंद गल्ल्यांचे, एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. चालत जायचं तर मुख्य रस्त्याने वळसा घालून दीड किलोमीटर, त्यातल्या अर्ध्या वाटेवर पदपथ नाही. तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी स्कूटर काढली. त्यांना मी आळशी कसं म्हणू?

अमेरिकेत मार्शल, गॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या २४ मध्यम आकाराच्या शहरांचं रस्त्यांचं जाळं तपासलं होतं. जिथे चौक दाट, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या, तिथे लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचं प्रमाण कमी दिसलं. मोठ्या रस्त्यांच्या लेन जिथे जास्त, तिथे लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त. यावरून एकामुळेच दुसरं झालं असं थेट म्हणता येत नाही, हे मान्य. पण माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवरून जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

वेगवान_वारा

थोडं वेगळं मत. धूर होतो तो कोंडीमुळे. गाड्या एका जागी उभ्या राहून इंजिन चालू ठेवतात. रस्ता रुंद केला, उड्डाणपूल बांधला, सिग्नल काढले तर गाड्या सटासट निघतील, धूर कमी होईल, लोक वेळेवर घरी पोचतील, ताणही कमी. ही आरोग्याचीच गोष्ट नाही का? तुमच्या लेखात गाडीवाला खलनायक झालाय. मीही रोज दोन तास गाडीत असतो, हौसेने नाही.

पदपथिक

वेगवान_वारा, गाडीतले दोन तास तुमच्याही पाठीचे आणि फुप्फुसांचे आहेत. कोंडीत उभ्या गाडीच्या आत पुढच्या गाडीचा धूर थेट येतो. खलनायक कोणी नाही.

पण रुंदीकरणाचं गणित प्रत्यक्षात तसं चालत नाही, आणि हे मी स्वतः केलेल्या कामावरून सांगतेय. आम्ही एक रस्ता चार लेनचा सहा लेनचा केला. पहिले काही महिने खरंच सुटसुटीत. मग आधी जे लोक बसने जात होते, जे वेळ बदलून निघत होते, जे ते जाणंच टाळत होते, ते सगळे त्या रस्त्यावर आले. चौथ्या वर्षी आमच्याच गणनेत वेग जुन्या आकड्यावर परत. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी हे १९६२ सालीच मांडलं होतं. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी घेऊन दाखवलं की शहरी महामार्गांची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांचे किलोमीटर वाढतात. म्हणजे कोंडी तेवढीच, धूर मात्र जास्त, आणि ओलांडायचा रस्ता सात मीटरने रुंद.

उलटंही घडतं. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा मोकळा केला. शहर ठप्प होईल असं पुष्कळांना वाटत होतं, तसं झालं नाही. स्टॉकहोममध्ये २००६ साली मध्यवर्ती भागात येण्या-जाण्यावर शुल्क लावून सात महिने चाचणी घेतली. त्या सीमेवरची रहदारी साधारण २० टक्क्यांनी घटली, आणि पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं. तिथल्या लहान मुलांमध्ये दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी दवाखान्यात आणण्याचं प्रमाणही पुढे घटलेलं संशोधकांना आढळलं.

तुमचे दोन तास कमी व्हायचे तर बसला स्वतंत्र लेन हवी, आणि रोजची कामं घराच्या जवळ हवीत. तेही जाळ्याचंच काम आहे.

दोनचाकं

+१. आणि मुलांबद्दल कोणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो.

नेदरलँड्स म्हणजे पूर्वीपासून सायकलींचा देश, असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. शहरांतून सरसकट रस्ते रुंद होत होते. मग पालक रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच 'मुलांचे खून थांबवा'. डेल्फ्ट शहरात त्याच सुमारास 'राहता रस्ता' ही कल्पना आकाराला आली: गल्लीत पदपथ आणि रस्ता असा भेदच नाही, झाडं आणि बाकं अशी ठेवायची की गाडीला माणसाच्या चालीनेच जावं लागेल. १९७६ मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. आज जे दिसतं ते लोकांनी भांडून मिळवलेलं आहे.

वेगाचं एक गणित मी माझ्या भाच्याला खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतं. ३० च्या वेगाची गाडी, चालकाला भानावर यायला एक सेकंद. त्या सेकंदात गाडी ८ मीटर पुढे. मग ब्रेक, कोरड्या रस्त्यावर अजून ५ मीटर. १३ मीटरवर गाडी थांबली. आता तीच गाडी ५० च्या वेगाने: पहिल्याच सेकंदात १४ मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती त्या जागी पूर्ण ५० च्या वेगाने आहे. भाचा नऊ वर्षांचा आहे. तो त्या १३ मीटरच्या रेघेवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मग इथे मी असलो तर?" मला पुढे बोलता आलं नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सगळीकडे ३० ची मर्यादा आणली. स्पेनने मे २०२१ पासून शहरातल्या ज्या रस्त्यांवर प्रत्येक दिशेला एकच लेन आहे तिथे देशभर ३० केली.

रात्रपाळी

मी रुग्णवाहिकेवर आहे. दोनचाकं यांचं वाचलं, पटलं. पण माझी बाजू ऐका.

मणक्याला मार लागलेला माणूस मागे झोपलेला असतो. वाटेत नऊ गतिरोधक. प्रत्येक ठिकाणी गाडी जवळजवळ थांबवायची, तरी तो ओरडतो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत असताना गाडी उडाली की हात निसटतो. वर गल्ल्यांना लोखंडी खांब ठोकून ठेवतात. नकाशात रस्ता दिसतो, गेल्यावर कळतं की बंद आहे. मागे घेऊन वळवेपर्यंत मिनिटं जातात. आरोग्यासाठी रस्ते म्हणताना आम्हाला कोणी विचारतं का?

पदपथिक

रात्रपाळी, विचारत नाही. ही आमची चूक आहे, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

आडवा सलग गतिरोधक हा वेग कमी करायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ओबडधोबड उपाय आहे. रस्ता आधी चुकीचा, सरळसोट आणि रुंद बांधायचा आणि मग त्यावर उंचवटे टाकायचे. गल्ली मुळातच अरुंद आणि थोडी नागमोडी आखली, चौकाच्या कोपऱ्याची गोलाई लहान ठेवली, तर गाडी आपोआप हळू होते. उंचवटा द्यायचाच तर 'उशी' प्रकारचा द्यावा: मधे उंच, दोन्ही बाजूंना सपाट. मोटारीचं चाक त्यावर चढतं, रुग्णवाहिकेची चाकं जास्त रुंदावर असल्याने दोन्हीकडून निघून जातात.

बंद गल्ल्यांचं म्हणाल तर खांबाऐवजी कुंड्यांमधली मोकळी वाट आणि कॅमेरा ठेवता येतो, किंवा किल्लीने खाली पडणारा खांब. आणि केलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी तुमच्या नियंत्रण कक्षाच्या नकाशावर जायला हवा. लंडनच्या वॉल्टम फॉरेस्ट भागात आतल्या गल्ल्यांतून आरपार जाणारी रहदारी बंद केल्यावर अग्निशमन दलाच्या पोचण्याच्या वेळा तपासल्या गेल्या, त्या बिघडल्याचं आढळलं नाही. तरी प्रत्येक ठिकाणी तसंच होईल असं मी धरून चालणार नाही. आराखडा मंजूर व्हायच्या आधी तुमच्यापैकी कोणीतरी त्या खोलीत बसलेलं असावं.

ध्वनिरेखा

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतेय. एक गोष्ट जोडते.

चौकात मी कानांनी उभी असते. समोरून जाणारी रहदारी थांबली, बाजूची सुरू झाली की मला कळतं, आता निघायचं. गोलचक्करच्या चौकात गाड्या कधीच थांबत नाहीत, नुसत्या हळू होतात. आवाज गोल फिरत राहतो. मोकळी जागा कुठे पडली ते ऐकू येत नाही. माझ्या नेहमीच्या वाटेवरचा सिग्नल काढून गोलचक्कर केलं, त्या दिवसापासून मी ती वाट सोडली. पुढच्या थांब्यावर उतरून मागे येते.

तिठा

ध्वनिरेखा, मी इथे गोलचक्करचं कौतुक लिहायला आलो होतो. तुमचं वाचून हात थांबला.

कौतुक खोटं नाही. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, एका लेनच्या गोलचक्करमध्ये ८ ठिकाणी. जे अपघात होतात ते हळू वेगाचे आणि तिरके, समोरासमोर किंवा काटकोनात आदळण्याची शक्यता फार कमी. अमेरिकेत जिथे चौकांचं असं रूपांतर झालं तिथे जीवघेणे अपघात सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पण तो आकडा मुख्यतः गाडीत बसलेल्यांच्या जिवाचा आहे. ओलांडायची जागा गोलापासून एक गाडी मागे, पदपथाच्या पातळीला उचललेली, मधे थांबायला बेट आणि बटण दाबल्यावर बोलणारा सिग्नल असेल तरच ते तुमच्यासाठी आहे. बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायाखाली कळणाऱ्या उठावाच्या फरशांचं तसंच. सेइइची मियाके यांनी त्या बनवल्या आणि १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. इतकी वर्षं झाली, तरी आजही त्या फरशांची रेघ थेट विजेच्या खांबावर नेऊन ठेवलेली दिसते.

ध्वनिरेखा

हो. त्या खांबाची खूण माझ्या कपाळावर आहे. बाकीचं तुम्ही लिहिलंत ते हवंच आहे, फक्त आधी हवं.

कोपऱ्यावरचं_घर

मी बराच वेळ लिहू की नको करत होते.

आमचं घर मुख्य रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. मागची वसाहत शांत करायची म्हणून तिच्या गल्ल्यांतून आरपार जाणं बंद केलं. चांगलं झालं त्यांचं, मुलं खेळतात, मी बघते. पण ती रहदारी कुठे गेली? माझ्या खिडकीखाली. मुलाला दमा आहे. खिडकी बंद ठेवली की घुसमट, उघडली की काळी धूळ. सकाळी गजांवरून ओलं फडकं फिरवते, दुपारी पुन्हा तेच. रात्री अडीचला ट्रक सिग्नलला ब्रेक लावतो तेव्हा ताटाळ्यातली ताटं वाजतात.

एका रस्त्याला एकच काम, असं तुम्ही लिहिलंत. मग ज्या रस्त्याला वाहतुकीचं काम दिलं त्याच्यावर माझं घर आहे, त्याचं काय? तिथली माणसं कोणत्या रकान्यात?

नाडी

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते, जड आहे तरी.

लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी होती. साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यापासून साधारण २५ मीटरवर घर. दम्याने तिला पुन्हापुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती गेली. आईने हार मानली नाही. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत अधिकाऱ्यांनी मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. त्या देशात असं पहिल्यांदाच घडलं.

मोठ्या रस्त्याच्या धुराचा सगळ्यात जास्त जाच ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात होतो, आणि जितकं जवळ तितका जास्त. विजेच्या गाड्या आल्या की धूर जाईल, पण ब्रेकची, टायरची आणि रस्त्याची धूळ राहील. कॅलिफोर्नियात २००३ च्या कायद्याने महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी सरकारी शाळा बांधायला सर्वसाधारणपणे मनाई केली. शाळेला जे लागू, ते घराला का नाही?

मुलाचं इनहेलर नियमित चालू ठेवा. वर्दळीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद, मागची उघडी. मुलाला झोपायला मागची खोली द्या, जमत असेल तर आजच.

पदपथिक

कोपऱ्यावरचं_घर, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायचं धाडस झालं नाही.

तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्या लेखातलं भोक आहे. रहदारी वेगळी काढताना ती जिथे ढकलतो तिथे कोण राहतं, हे आधी बघायला हवं होतं. बहुतेक वेळा तिथे तेच लोक राहतात ज्यांना दुसरीकडे घर घेणं परवडत नाही.

आवाजाचं गणित विचित्र असतं, ते मांडते. रहदारी दुप्पट झाली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. शांत गल्लीतली २,००० वाहनं २०० वर आली तर तिथे १० डेसिबल घट, कानाला निम्म्याने कमी वाटते. तीच १,८०० वाहनं २०,००० च्या रस्त्यावर गेली तर तिथली वाढ अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी. म्हणून आमच्या अहवालात लिहिलं जातं, 'मुख्य रस्त्यावर परिणाम नगण्य.' आकडा खरा आहे. पण तुमच्या रस्त्यावर आवाज आधीच मर्यादेच्या किती वर होता, ते त्या वाक्यात येत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने रस्त्याच्या आवाजासाठी दिवस-रात्रीची भारित सरासरी (संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेली) ५३ आणि रात्रीची ४५ डेसिबलच्या आत असावी असं सुचवलं. मोठ्या रस्त्याकडेची घरं त्याच्या कितीतरी पुढे असतात. आणि धुराला, अपघाताला हा 'नगण्य' हिशेब लावताच येत नाही; तिथे वाढलेल्या प्रत्येक गाडीचं माप पडतं.

म्हणून माझं मत आता बदललंय, ते स्पष्ट लिहिते. कामाचा क्रम उलटा हवा. आधी कडेचा रस्ता नीट करायचा: तिथला वेग ५० चा ३० वर आणायचा (एवढ्यानेच आवाज २ ते ३ डेसिबल उतरतो), एक लेन बसला द्यायची, रात्रीच्या ट्रकांना बाह्यवळणाने पाठवायचं, कमी आवाजाचं डांबर, दुहेरी काचा सरकारी खर्चाने. मगच आतल्या गल्ल्या बंद करायच्या. आणि एकूण गाड्या कमी होतील असं काहीतरी त्याच योजनेत हवं, नाहीतर ती नुसती ढकलाढकली. बेल्जियमच्या गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये मध्यवर्ती भागाचे सहा विभाग केले. गाडीने एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळावरूनच जावं लागतं. पण पायी, सायकलने, बसने सरळ जाता येतं. त्यामुळे जवळच्या कामाला गाडी काढणंच लोकांना नकोसं होतं.

मृदगंध

बार्सिलोनाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्यांनी १८५९ मध्ये तिथल्या विस्ताराचा आराखडा केला तो मुळी रोगराई डोळ्यांपुढे ठेवूनच. कामगारवस्तीतल्या मृत्यूंचा त्यांनी अभ्यास केला होता, म्हणून २० मीटरचे रस्ते, ११३ मीटरचे चौकोन, आत बाग, ऊन आणि वारा. पुढे त्या बागांवर इमारती आल्या आणि हवेसाठी रुंद ठेवलेल्या रस्त्यांवर मोटारी. आता नऊ-नऊ चौकोनांचे गट करून आतली रहदारी कमी करायचं काम काही ठिकाणी झालंय. असे ५०३ गट केले तर वर्षाला सुमारे ६६७ अकाली मृत्यू टळतील असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात मांडला होता. त्यात सर्वांत मोठा वाटा हवेचा, मग आवाजाचा, मग उष्णतेचा.

झाडांबद्दल एक सावधानी. उंच इमारतींच्या अरुंद रस्त्यावर दाट छत्रीची झाडं लावली की धूर खालीच अडकू शकतो. तिथे पदपथ आणि गाड्या यांच्या मधे दाट कुंपणासारखी झुडपं बरी. मोकळ्या रस्त्यावर मात्र मोठी झाडं हवीतच, सावली नसेल तर दुपारी कोण चालणार?

वेगवान_वारा

कोपऱ्यावरचं_घर यांचा प्रतिसाद वाचून काल गाडीत बसल्यावर वेगळं वाटलं. सिग्नलला इंजिन बंद केलं. वर पहिल्या मजल्यावर खिडक्या होत्या, सगळ्या बंद.

रुंदीकरणाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. बसची लेन झाली तर मी बस धरून बघेन, एवढं नक्की.

कोपऱ्यावरचं_घर

सगळ्यांचे आभार. मुलाचं अंथरूण काल मागच्या खोलीत हलवलं.

आमच्या भागाचा नवा आराखडा हरकतींसाठी लागणार आहे असं कळतंय. मला गणित येत नाही. मी काय लिहू?

पदपथिक

गणित तुम्ही करू नका, त्यांना करायला लावा. हरकतीत चार ओळी पुरतात. या आराखड्याने आमच्या रस्त्यावर दिवसाची आणि रात्रीची वाहनं किती होतील, वेगवेगळे आकडे द्या. खिडकीपाशी रात्रीचा आवाज आणि नायट्रोजन डायऑक्साइड (गाड्यांच्या धुरातला वायू) आज किती, नंतर किती? ओलांडायच्या प्रत्येक जागेवर सेकंदाला ०.८ मीटरने चालणाऱ्या माणसाला किती वेळ मिळतो? आणि आरोग्यावरच्या परिणामांचं मूल्यमापन केलंय का, केलं असेल तर ते प्रसिद्ध करा. लेखी मागा, पोच घ्या.

सोबत तुमची वही जोडा. सात रात्री, अकरा ते पाच, ट्रकने जाग आली की फक्त वेळ लिहायची. गजावरचं फडकं धुऊ नका. सात दिवसांची सात फडकी तारीख लिहून पिशव्यांत ठेवा आणि सुनावणीला टेबलावर मांडा. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी अनेक वर्षं बसलेय. तक्ते दाखवले की आम्ही तक्त्यांनी उत्तर देतो. फडकी मांडलेली मी तरी आजवर पाहिलेली नाहीत.

रात्रपाळी

ताई, सुनावणीची तारीख इथे टाका. पाळी बदलून घेतो, मीही येतो.